कच्चा बर्फ

सैन्यात ड्रायव्हर म्हणून भरती झालो तोवर मी बर्फ फक्त रसवंतीच्या पेटीत पाहिला होता. आमचं गाव महाळुंगे पडवळच्या जवळ. आजोबांच्या काळात घरात मेंढरं होती, वडिलांनी ती मोडली, विहीर पाडली आणि शेती धरली. मी पण शेतीच करावी असं घरात सगळ्यांना वाटायचं. मी भरतीच्या मैदानावर पळालो, निवडला गेलो आणि निघून गेलो.

नव्वद सालानंतर एक-दोन वर्षांत माझी बदली लेहला झाली. हिवाळ्यात तिथले रस्ते बंद व्हायचे, गाड्या उभ्या राहायच्या आणि आम्हा ड्रायव्हरांना काम उरायचं नाही. आमच्या तुकडीत एक लडाखी हवालदार होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. ते रिकाम्या जवानांना गोळा करून गोठलेल्या तळ्यावर न्यायचे आणि हॉकी शिकवायचे. खाली पातं लावलेल्या बुटांचे जोड मोजकेच होते, एकाचे काढून दुसऱ्यानं घालायचे. माझ्या मापाचा बूट नव्हता, मी तीन मोजे चढवून तो भरायचो. पहिला महिनाभर मी नुसता पडत होतो. उस्ताद ओरडायचे, "घुटना मोड, फौजी! बर्फ पे खडे नहीं रहते!"

एक दिवस गुडघे वाकले आणि पाय सुटले. त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. उन्हातान्हात ढेकळं तुडवत वाढलेला माणूस मी, आणि जोर न लावता पुढे चाललो होतो. नंतरचे पाच हिवाळे मी तुकडीच्या संघात खेळलो. बचावाला उभा राहायचो. अंगानं आडवा होतो, समोरचा मला टाळून जायला बघायचा.

सहाव्या वर्षी मार्चमध्ये एक सामना होता. ऊन चढलं होतं, बर्फाच्या वर पाण्याचा पातळ थर आला होता. उस्ताद म्हणाले, "बस करो, बर्फ कच्ची हो गई." दहा मिनिटं उरली होती आणि आम्ही एका गोलनं मागं होतो. मी म्हणालो, खेळू या. बाकीच्यांनीही री ओढली. माझ्या बुटाचं पातं एका चिरेत अडकलं, अंग पुढं गेलं आणि पाय जागेवर राहिला. गुडघ्यातून आलेला आवाज मला टोपी घातलेली असतानाही ऐकू आला.

दोन ऑपरेशनं झाली. वैद्यकीय मंडळानं मला घरी पाठवलं. वडील ओट्यावर बसले होते. माझ्या काठीकडं बघून म्हणाले, "लढाईत लागलं असतं तर पोरांनी शाळंत नाव घेतलं असतं. बरफावर चेंडू हाणताना मोडला म्हणून काय सांगू लोकांना?" चेंडू नसतो, चकती असते, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

शेतात वाफे बांधायला गुडघा चालेना. पारगावच्या बाजूला साखर कारखान्यात गेटवर नोकरी मिळाली. उसाच्या गाड्या आत सोडायच्या, बाहेर सोडायच्या. लोक मला मेजर म्हणायला लागले, आमच्याकडं सैन्यातून आलेल्या प्रत्येकालाच मेजर म्हणतात. मी साधा शिपाई होतो. गेटवर बसल्या बसल्या मी तासन् तास मनात खेळायचो. कुणी हॉर्न वाजवला की दचकायचो. बायको म्हणायची, "अहो, जेवताना तरी हितं या की." मी हितंच आहे म्हणायचो. नव्हतो.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग एका सुट्टीच्या दिवशी बाजार समितीच्या आवारात गेलो होतो. लिलाव नसल्यानं शेड रिकामी होती. आत दोन मुलं चाकांच्या स्केट्सवर धडपडत होती. खोडदच्या रेडिओ दुर्बीण केंद्रात गाडी चालवणाऱ्या एका ड्रायव्हरची ती मुलं. तिथल्या कुणा साहेबाच्या मुलांना लहान झालेल्या स्केट्स त्यांना मिळाल्या होत्या. मोठा दहा-अकराचा, धाकटा नऊचा. दोघंही ताठ उभे राहत होते आणि पाठीवर आपटत होते. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे, एकदम माझ्याच तोंडून आलं, "गुडघे वाकवा!"

पोरांनी वाकवले, आणि शेडच्या त्या टोकापर्यंत गेली.

पुढच्या रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून मिळतील तशा स्केट्स आणल्या. काही जोड्यांची चाकं बसली होती, ती कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नीट करून घेतली. हॉकी स्टिका बांबूच्या केल्या, पुढं फळी ठोकून. ट्रॅक्टरच्या टायरचा तुकडा गोल कापून चकती केली. टोमॅटोचे क्रेट लावले की गोल तयार. खेळायच्या आधी आख्खी शेड झाडायला लागायची, कारण कांद्याचं एक साल चाकात गेलं की माणूस तोंडावर. पोरांना मी सांगायचो, हा बर्फ आहे. आपण बर्फावर आहोत. ती हसायची आणि ऐकायची.

ती मुलगी तिथंच आली. शेडच्या मागच्या वावरात तिच्या वडिलांची मेंढरं बसवली होती, खतासाठी शेतकरी बसवून घेतात तशी. बारा वर्षांची असेल. दारात काठी घेऊन उभी होती. आतून उडालेली चकती तिच्याकडं गेली. तिनं काठी आडवी टाकून ती थांबवली, नजर वर करून एकदा क्रेटांकडं बघितलं आणि तिथूनच मारली. दोन क्रेटांच्या बरोबर मधून गेली.

"कुणी शिकवलं गं?" मी विचारलं.

"मेंढरू वळवायला असंच मारत्यात दगूड," ती म्हणाली.

ती नवव्या दिवशी पळायला लागली आणि महिन्यात दोन्ही भावांना मागं टाकलं. मग गावातल्या एका शिक्षिकाबाईंचा मुलगा आला. तो भित्रा पण डोक्यानं हुशार. आणखीही पोरं यायची-जायची, पण हे चौघं चार वर्षं टिकले. चाळीस किलोमीटरच्या आत दुसरा संघ नव्हता. आम्ही आपसातच दोन-दोन खेळायचो. पुण्यात एकदा चाकांच्या हॉकीच्या स्पर्धेला नेलं, तिथल्या मुलांचे बूट बघून माझी पोरं बिचकली आणि दोन्ही सामने हरली. येताना एसटीत ती मुलगी म्हणाली, "मेजर सर, खऱ्या बर्फावर आपण जिंकलो असतो का?" मी म्हणालो, "नक्की." कशाच्या जोरावर म्हणालो?

त्या ‘नक्की’नंच सगळं ओढवलं. मी उस्तादांना पत्र लिहिलं. ते निवृत्त होऊन मुलांना शिकवत होते. चार महिन्यांनी उत्तर आलं. जानेवारीत शिमल्याला मुलांचं आठ दिवसांचं शिबिर आहे, ते तिथं शिकवणार आहेत, चौघांना घेऊन ये.

मी ते पत्र सगळ्या गावाला दाखवलं. शिक्षिकाबाईंनी आणि बाजारातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. मुलगी बरोबर म्हणून माझी बायको यायला तयार झाली. तिनं तोवर पुण्यापलीकडं काही बघितलं नव्हतं. निघताना स्टँडवर हार घातले, नारळ फोडला, कुणीतरी फळ्यावर आमचं अभिनंदन लिहिलं. अजून तर आम्ही गाडीतही बसलो नव्हतो. मुलीचे वडील शेवटी आले. उंच, अंगानं वाळलेले, डोक्याला पागोटं. त्यांनी हार वगैरे काही आणलं नव्हतं. म्हणाले, "मेजर, आई नाय तिला. तुमच्या भरवशावर धाडतोय."

मी म्हणालो, "माझ्या पोटच्या पोरीवानी सांभाळीन." आम्हाला मूलबाळ नव्हतं.

दोन दिवस रेल्वे, मग डोंगरातली छोटी गाडी. शिमल्यात उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. मला तिथंच समजायला हवं होतं. तिथलं मैदान उघडं. जमिनीवर पाण्याचे थर ओतायचे आणि रात्रीच्या थंडीनं ते गोठायचे. आभाळ निरभ्र असलं तरच गोठतात, ढग आले की गोठत नाहीत. आम्ही पोचलो त्या दिवसापासून ढग हटलेच नाहीत.

रोज पहाटे मी चौघांना उठवायचो, मोजे घालायला लावायचो आणि उतारावरून खाली मैदानाकडं न्यायचो. तिथला राखणदार दुरूनच हात हलवायचा. "आज नहीं, फौजी साहब." समोर नुसतं पाणी. त्यात डोंगर उलटा दिसायचा. पोरं काठावर बूट घेऊन उभी. उस्तादांनी त्यांना खरे बर्फाचे बूट दिले होते, ते ती रात्री उशाशी घेऊन झोपत.

पहाडी मुलांना याची सवय होती. ती खोलीत कॅरम खेळायची. उस्ताद आमच्या पोरांना गच्चीवर उभं करून स्टिकचा हात शिकवायचे. शांतपणे म्हणायचे, मौसम है, अगले साल आना. मी मान हलवायचो. पुढचं साल कुठलं? वर्गणी पुन्हा कोण काढणार? पोरं तेरा ते सोळाची झाली होती, मोठा भाऊ दहावीला जाणार होता, मुलीला चार मावश्या स्थळं बघत होत्या. मला पक्कं ठाऊक होतं, ही पोरं पुन्हा इथं येणार नाहीत. बायको म्हणाली, "पाऊस काय तुमी पाडलाय का? पोरांना बाजार फिरवा, माकडं दावा, चला घरी." मी तिच्या अंगावर ओरडलो. सगळ्या पोरांदेखत.

शेवटच्या दिवशी दुपारची गाडी होती. आदल्या रात्री वारा सुटला आणि चांदण्या दिसल्या. मी झोपलोच नाही. उजाडायच्या सुमाराला मैदानावर गेलो तर पाणी नव्हतं. पांढरा, खडबडीत थर होता, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पापुद्र्यासारखा. मी गुडघ्यावर बसून हात लावला. चार दिवसांत पहिल्यांदा रडायला आलं. चार नव्हे, सात दिवसांत. मला दिवसांचं भान राहिलं नव्हतं.

उस्ताद माझ्या मागं उभे होते. त्यांनी बुटाची टाच आपटली. करकर वाजलं. म्हणाले, "नहीं."

"उस्ताद, पाच मिनिट."

"कच्ची है. तू जानता है." त्यांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलं आणि खोलीकडं सामान बांधायला गेले. राखणदारानं दाराला साखळी लावली आणि चहाला गेला.

मला कुणी फसवलं नाही, कुणी चुकीची माहिती दिली नाही. तळ्यावर मार्चच्या उन्हात माझा पाय ज्यानं गेला, तोच हा बर्फ होता आणि मी तो हातानं चाचपून बघितला होता. तरी मी खोलीवर गेलो, चौघांना बूट घेऊन बाहेर बोलावलं आणि मैदानाच्या मागच्या बाजूनं, जिथं कठडा मोडला होता तिथून आत नेलं.

शिक्षिकाबाईंचा मुलगा म्हणाला, "सर, नको. ते नाही म्हणाले ना?"

दोघं भाऊ एकमेकांकडं बघत उभे राहिले. मुलगी खाली बसून बुटाचे बंद आवळायला लागली होती.

मी म्हणालो, "जाड बाजूनं जायचं. गुडघे वाकव."

ती गेली. काठाला धरून दोन पावलं, मग हात सोडला. चाकांवरची सवय होती तिला, पण पातं वेगळं असतं, ते पायाखालून पळतं. ती जरा डगमगली आणि मग सरळ झाली. तिची वेणी स्वेटरवर उडत होती. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो आठवत नाही. ती पार लांब गेली आणि वळली. वळताना पातळ बाजूला आली. बर्फ फुटला, पातं खालच्या जमिनीला जाऊन अडलं आणि ती गोल फिरून पडली. ओरडली नाही. नुसती बसून राहिली आणि पायाकडं बघत राहिली, कारण पाऊल भलत्याच दिशेला होतं.

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. दवाखान्यात नेलं, हाडं बसवली, मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. उस्ताद आले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या बायकोला नमस्कार केला आणि गेले. मी नंतर त्यांना तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं निघालो. दोन दिवस ती खालच्या फळीवर पडून होती. माझ्या बायकोनं तिचं सगळं केलं, पडदा धरून, भांडं घेऊन. मी दारात उभा. दिल्ली मागं पडल्यावर मी पोरांना एकत्र बसवलं आणि म्हणालो, "घरी सांगताना स्टेशनच्या पायऱ्यांवरून पाय घसरला असं सांगायचं. उगाच सगळ्यांना काळजी." कुणाची काळजी ते पोरांना कळलं असणार. तिघांनी माना खाली घातल्या. मुलगी खिडकीकडं तोंड करून पडली होती.

बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्या पोरांना आजवर काय शिकवलं तुमी?" त्यानंतर घर येईपर्यंत ती बोलली नाही.

मंचरच्या स्टँडवर मुलीचे वडील जीप घेऊन आले होते. मी पायऱ्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. प्लास्टरवर बोटानं टिचकी मारून बघितली. म्हणाले, "मोडलं तर जुळंल. मेंढरांची बांधतोच की आमी." मला वाटलं, सुटलो.

जुळलं, पण वाकडं जुळलं. पुण्याला नेऊन पुन्हा मोडून बसवावं लागलं. त्यात जखम चिघळली. सहा महिने ती घरात पडून होती, शाळा बुडाली. मी दर गुरुवारी जायचो, पाळी सुटली की थेट. कधी संत्री, कधी वाचायला काही. ती माझ्याशी बोलायची, हसायची सुद्धा. त्या दिवसाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. उन्हाळ्यात ती काठीशिवाय उभी राहिली तेव्हा एक पाय बोटभर आखूड झाला होता.

गावात विचारायचे, "काय मेजर, काय जिंकून आणलं?" भाऊ दोघं यायचे बंद झाले. शिक्षिकाबाई समोरून आल्या की रस्ता बदलायच्या. त्यांच्या मुलानं घरी खरं सांगितलं असावं, पण त्यांनी ते बाहेर बोलल्याचं कधी कानावर आलं नाही. मी दोन-तीन रविवार शेडमध्ये जाऊन बसलो. आवार झाडून काढलं. कुणी आलं नाही. मग शेडला जाळीचं दार बसलं आणि प्रश्नच मिटला.

वर्षं गेली. मुलगी बारावी झाली, अठराची झाली. दोन स्थळं पाय बघून परत गेली. एक दिवस तिचे वडील कारखान्याच्या गेटवर आले. गाड्यांच्या रांगेतून वाट काढत, पागोटं सावरत. म्हणाले, "मेजर, चार गावची लोकं तुमाला वळखत्यात. माज्याबरोबर चला. एक मानूस बोलाय बरा असतोय."

मी गेलो. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतो? सुट्टी पडली की आम्ही दोघं कुणाच्या तरी मोटारसायकलीवर किंवा एसटीनं निघायचो. जुन्नरच्या बाजूला, ओतूरकडं, घोडनदीच्या काठानं. ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, आणि थोड्या वेळानं तो प्रश्न यायचाच. पाय जन्मापासूनच हाय का? तिचे वडील म्हणायचे, "नाय, पडली व्हती."

"कशी काय?"

"ते मेजर सांगत्याल. हेच व्हते संगं."

आणि मी स्टेशनच्या पायऱ्या सांगायचो. दर घरी. सांगून सांगून पायऱ्या किती होत्या, शेवाळ कुठल्या पायरीवर होतं, हमाल कसा धावला, सगळं माझ्या डोळ्यांपुढं उभं राहायला लागलं. घरी आलो की भूक नसायची. बायको ताट झाकून ठेवायची आणि झोपायची.

चौथं घर जुन्नरजवळचं. मुलगा पिकअप चालवायचा, घरची द्राक्षाची थोडी बाग. माणसं बोलायला मोकळी. मला वाटलं, इथं जमेल. मुलाच्या आईनं तोच प्रश्न विचारला, तिच्या वडिलांनी तेच उत्तर दिलं, मी पायऱ्या सांगितल्या. बाई ऐकून म्हणाल्या, "पायरीवरनं पडून येवडं मोडतंय व्हय? चालायचं भान नसंल पोरीला. अशी पोरगी उद्या चुलीपाशी, इळ्यापाशी काय करंल?"

मी कप खाली ठेवला.

"तिचं भान चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "पायऱ्या नव्हत्याच. शिमल्याला बर्फाच्या मैदानावर मी तिला उतरवलं. बर्फ कच्चा होता. मला माहीत होतं. नको म्हणून सांगितलेलं असताना मोडक्या कठड्यातनं आत नेलं. ती माझ्यामुळं पडली. पोरीचा काही दोष नाही."

मुलाच्या आईनं पदर सारखा केला. मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो आमी." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

बाहेर पडून आम्ही फाट्यापर्यंत चालत आलो. तिच्या वडिलांनी माझ्या लंगडण्याशी पाऊल जुळवून घेतलं होतं. मी वाट बघत होतो, शिवी देतील, मारतील. मारावं असंच वाटत होतं. फाट्यावर दगडावर बसून त्यांनी तंबाखू मळली, मला दिली नाही.

"भाऊ, मला माफी..."

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "पोरीनं पयल्याच दिवशी सांगितलं. जीपमंदी."

त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"तुमी सांगताल म्हणून थांबलो. गुरवारी येत व्हता, वाटायचं, आज सांगतील. मंग म्हणलं, लोकांफुडं इचारलं तर सांगतील. तीन घरं पायऱ्याच ऐकल्या." त्यांनी हात झटकले. "आज सांगितलं ते माज्यासाठी न्हाई सांगितलं. त्या बाईसाठी सांगितलं."

"तिच्या बोलण्यानं..."

"व्हय. पोरीला बोल लागला म्हणून. तेवडं तरी केलं." एसटी येताना दिसली. ते उठले. "आता घरी येत जाऊ नका, मेजर. राग न्हाई. पर येऊ नका."

गाडीत ते पुढं बसले, मी मागं. त्यांचा थांबा आधी आला. उतरून रस्ता ओलांडताना त्यांनी गाडीकडं वळून बघितलं नाही.

त्यानंतर मी गेलो नाही. दुसऱ्या साली मला कळलं की तिला वाडीवरच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम लागलं. एकदा मंचरला औषधाच्या दुकानात मी गोळ्या घ्यायला उभा होतो तर मागून हाक आली, "मेजर सर!" तीच होती. चप्पलेचा एक तळवा जाड करून घेतला होता. मी विचारलं, पोरं त्रास देतात का अंगणवाडीत.

"देत्यात की. मी पण देते," ती म्हणाली. मग, "सर, एक इचारू? त्या दिवशी मी किती लांब गेले व्हते?"

"अर्धं मैदान असेल."

"न्हाई सर. पुरं गेले व्हते. पार पल्याडच्या कठड्याला हात लावला. पडले ते माघारी येताना." ती माझ्याकडं बघत होती. "तुमाला दिसलं नाय?"

मला खरंच दिसलं नव्हतं. मी ओरडण्यात होतो. मी म्हणालो, "दिसलं."

आणखी एक खोटं. ती मान हलवून पिशवी उचलून गेली. गर्दीत तिचं एक खांद्यानं झुकणारं चालणं बराच वेळ ओळखू येत होतं. मला हाक मारून सांगावंसं वाटलं की नाही गं, मला दिसलं नव्हतं. मी गोळ्यांची पुडी हातात धरून तिथंच उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "बाजूला व्हा जरा, भाऊ."

पुढं तिचं लग्न जमलं. पारनेरकडचा मुलगा, शिक्षण थोडं, मेंढरं बरीच. तिच्याच वडिलांच्या ओळखीतला, आणि म्हणे त्यानंच आधी मागणी घातली. पत्रिका आली ती माझ्या बायकोच्या नावानं. घरी येणारी पत्रिका नेहमी माझ्या नावानं यायची, ही तेवढी तिच्या. तिनं ती माझ्यासमोर ठेवली आणि आपणहून म्हणाली, "मी जाऊन येते. रेल्वेत दोन दिवस माज्या मांडीवर व्हती ती."

ती नवं लुगडं नेसून गेली, संध्याकाळी आली. मी ओट्यावर बसून होतो. तिनं हातपाय धुतले, चूल पेटवली. मी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. मानसं लई आली व्हती. बुंदी केलती."

"माझं कुणी विचारलं?"

ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "न्हाई."

मी जेवलो. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि उसाच्या गाड्यांची रांग वळणापर्यंत गेली होती. मी गेट उघडलं आणि पहिली गाडी आत घेतली.